फुफ्फुसातील बुरशीच्या संसर्गातून बरे होताना: घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

रुग्णालयातून सुट्टी मिळाली, हातात डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची पिशवी आली की घरच्यांना वाटते, सुटलो एकदाचे. फुफ्फुसातील बुरशीच्या संसर्गात मात्र खरी जबाबदारी घरी आल्यावर सुरू होते. रुग्णालयातील उपचार काही दिवसांचे किंवा आठवड्यांचे असतात, गोळ्या मात्र अनेक महिने चालतात. या काळात पेशंटच्या जोडीला डॉक्टर नसतात, तुम्ही असता. म्हणून हा लेख पेशंटइतकाच त्याची देखभाल करणाऱ्यांसाठी आहे.

आपल्याकडे टीबी होऊन गेलेल्या लोकांमध्ये अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचा दीर्घकाळ चालणारा संसर्ग दिसतो. त्याला डॉक्टर क्रॉनिक पल्मोनरी अ‍ॅस्परजिलोसिस किंवा थोडक्यात सीपीए म्हणतात. या लेखातील बहुतेक माहिती त्याबद्दल आहे. इतर प्रकारांत काय वेगळे असते, तेही पुढे सांगितले आहे.

बुरशी फुफ्फुसात येते कुठून?

अ‍ॅस्परजिलस ही बुरशी सगळीकडे असते. कुजलेला पालापाचोळा, शेणखत, ओला कडबा, साठवणीचे धान्य, पावसाळ्यात ओल धरलेली भिंत अशा ठिकाणी ती वाढते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेतून आपण सगळेच रोज श्वासावाटे आत घेतो. निरोगी फुफ्फुस आणि चांगली प्रतिकारशक्ती त्यांचा तिथल्या तिथे बंदोबस्त करते.

टीबीमुळे फुफ्फुसात कधी कधी पोकळी तयार होते. टीबी बरा झाला तरी ती पोकळी तशीच राहू शकते. तिथे हवा असते, पण रक्तपुरवठा आणि साफसफाई नीट होत नाही. रिकाम्या, ओल्या खोलीत बुरशी धरावी तसे तिथे होते. काही वेळा बुरशीचा गोळाच तयार होतो, त्याला अ‍ॅस्परजिलोमा म्हणतात.

दोन गोष्टी पहिल्यांदाच स्पष्ट करतो. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. पेशंटचे ताट, पेला, अंथरूण वेगळे करण्याची गरज नाही. नातवंडांना जवळ घ्यायलाही हरकत नाही. आणि हा आजार तुमच्या घराच्या अस्वच्छतेमुळे झाला, असे मनाला लावून घेऊ नका.

कोणता प्रकार आहे, हे विचारून घ्या

‘फुफ्फुसात फंगस आहे’ एवढ्याने भागत नाही. औषध, कालावधी आणि धोका प्रकारानुसार बदलतो. डिस्चार्ज कार्डावर प्रकाराचे नाव लिहून घ्या.

- सीपीए: हळूहळू, महिनोन्‌महिने वाढतो. जुना टीबी, सीओपीडी अशा आजारांनी खराब झालेल्या फुफ्फुसात होतो. सीपीएवर गोळ्या किमान ६ महिने घ्याव्या लागतात, बऱ्याचदा त्याहून जास्त.
- इन्व्हेजिव्ह अ‍ॅस्परजिलोसिस: प्रतिकारशक्ती खूप कमी झालेल्यांना होतो. उदा. रक्ताच्या कर्करोगाची केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपण, मोठ्या डोसची स्टिरॉइड्स किंवा गंभीर फ्लू अथवा कोविडनंतरचा आयसीयूतील मुक्काम. तो झपाट्याने वाढतो. उपचार किमान ६ ते १२ आठवडे आणि प्रतिकारशक्ती सावरेपर्यंत चालतात.
- म्युकरमायकोसिस: ही वेगळी बुरशी आहे. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ म्हणून हे नाव घरोघरी पोहोचले. अनियंत्रित मधुमेह हे मोठे कारण. त्याला अ‍ॅम्फोटेरिसिनची इंजेक्शने, बऱ्याचदा शस्त्रक्रिया आणि नंतर पोसाकोनाझोल किंवा आयसाव्हुकोनाझोलच्या गोळ्या लागतात. व्होरिकोनाझोल या बुरशीवर चालत नाही.
- एबीपीए: दम्याच्या पेशंटमध्ये अ‍ॅस्परजिलसची होणारी अ‍ॅलर्जी. यात स्टिरॉइड हे औषध असते. सीपीएमध्ये मात्र स्टिरॉइडमुळे बुरशी वाढू शकते. दोघांची बुरशी एकच असली तरी शेजाऱ्याची गोळी आपल्या माणसाला चालेलच असे नाही.

टीबी पुन्हा झाला की बुरशी?

इथे माझाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी पन्नाशीतले एक शेतकरी काका माझ्याकडे आले. टीबीचा कोर्स त्यांनी पूर्ण केला होता. वर्षभराने पुन्हा खोकला, थकवा, वजन कमी होणे आणि कधीतरी बेडक्यात रक्ताची रेषा. एक्स-रेमध्ये जुन्याच जागी पोकळी. मला वाटले, टीबी उलटला. बेडक्याची तपासणी दोन वेळा निगेटिव्ह आली, तरी माझ्या डोक्यातून टीबी जात नव्हता. छातीरोगतज्ज्ञांकडे पाठवायला मी महिनाभर उशीर केला. तिथे सीटी स्कॅन झाला, त्यात पोकळीत गोळा दिसला. रक्तातील अ‍ॅस्परजिलस आयजीजी ही तपासणीही पॉझिटिव्ह आली.

तेव्हापासून टीबी होऊन गेलेल्या पेशंटला ३ महिन्यांहून अधिक काळ खोकला, वजनात घट किंवा रक्त दिसत असेल आणि टीबीचे जंतू सापडत नसतील, तर मी बुरशीचा विचार करतो. तुम्हीही डॉक्टरांना विचारा: “टीबीचे जंतू सापडले आहेत का? सीबीनॅट केली का? नसतील सापडले, तर बुरशीची तपासणी करायची का?” असा प्रश्न विचारल्याने कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही. काही पेशंटमध्ये टीबी आणि बुरशी दोन्ही एकत्र असतात, म्हणून दोन्ही तपासणे गरजेचे.

गोळ्या कशा घ्यायच्या?

गोळ्यांची वेळ आणि जेवण यांचा नियम प्रत्येक औषधासाठी वेगळा आहे. इथे चूक झाली तर गोळी पोटात जाते, पण रक्तात पुरेशी पोहोचत नाही.

- इट्राकोनाझोलच्या साध्या कॅप्सूल: पोटभर जेवणानंतर लगेच. या कॅप्सूलला पोटातील आम्ल लागते, म्हणून अ‍ॅसिडिटीच्या गोळीमुळे तिचा असर कमी होतो.
- व्होरिकोनाझोलच्या गोळ्या: जेवणाच्या १ तास आधी किंवा १ तास नंतर.
- पोसाकोनाझोलच्या गोळ्या: जेवणासोबत. अख्खी गिळायची, तोडायची किंवा कुटायची नाही.

इट्राकोनाझोलबाबत आणखी एक सावधगिरी. बाजारात तिचे एक नवे रूपही मिळते, जे शरीरात जास्त चांगले शोषले जाते. त्यावरचा मिलिग्रॅमचा आकडा वेगळा असतो आणि जेवणाचा नियमही वेगळा असतो. मेडिकलवाल्याने ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणून दुसरे पाकीट दिले, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका. पाकिटाचा फोटो पाठवून विचारले तरी पुरते.

हीच गोळी गजकर्णासाठीही देतात. त्यामुळे ‘खाजेची गोळी चुकून दिली की काय’ म्हणून काही जण ती बंद करतात. चूक नाही. औषध बुरशीचे आहे, मग ती त्वचेवरची असो वा फुफ्फुसातली.

गोळ्या मध्येच बंद करू नका

वर सांगितलेल्या काकांना चौथ्या महिन्यात खूप बरे वाटू लागले. खोकला थांबला, जेवण सुधारले. गोळ्या महाग, शेतीचा हंगाम तोंडावर. त्यांनी घरात कोणाला न सांगता गोळ्या सोडल्या. दोन महिन्यांनी रात्री एक वाजता त्यांच्या पत्नीचा फोन आला: “डॉक्टर, वाटीभर रक्त पडलंय.” त्या रात्री ते वेळेत रुग्णालयात पोहोचले म्हणून वाचले.

बरे वाटणे म्हणजे बुरशी गेली असे नाही. चंडीगडच्या पीजीआय संस्थेतील डॉक्टरांनी सीपीएच्या १६४ पेशंटचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. निम्म्यांना इट्राकोनाझोल ६ महिने दिले, निम्म्यांना १२ महिने. दोन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण ६ महिन्यांच्या गटात ३८ टक्के होते, तर १२ महिन्यांच्या गटात १० टक्के. म्हणून डॉक्टर वर्षभर गोळ्या घ्यायला सांगत असतील, तर त्यामागे कारण आहे.

खर्च परवडत नसेल तर गोळी अर्धी करू नका, एक दिवसाआड घेऊ नका. सरळ डॉक्टरांना सांगा. सरकारी रुग्णालयात औषध मिळते का, तुमचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

इतर औषधांशी जुळते का?

बुरशीच्या या गोळ्या इतर अनेक औषधांचा परिणाम वाढवतात किंवा कमी करतात. बहुतेक पेशंट पन्नाशी-साठीचे असतात, बीपी-शुगरची औषधे आधीच चालू असतात. म्हणून घरातील सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. विशेष लक्ष द्या:

- रिफॅम्पिसिन: टीबीचे हे औषध बुरशीच्या गोळ्यांचे रक्तातील प्रमाण फार खाली आणते. दोन्ही एकत्र चालत नाहीत. टीबीचे औषध देणाऱ्या केंद्राला बुरशीची गोळी आणि बुरशीच्या डॉक्टरांना टीबीचे औषध, हे तुम्हीच सांगा.
- गॅसची गोळी: पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोलसोबत बऱ्याच कॅप्सूलमध्ये डोम्पेरिडोन असते. इट्राकोनाझोलसोबत डोम्पेरिडोनमुळे हृदयाचे ठोके बिघडू शकतात.
- कोलेस्टेरॉलची गोळी: अ‍ॅटोरव्हास्टॅटिनसारखी गोळी कमी करावी किंवा बदलावी लागते. अचानक अंग, मांड्या दुखू लागल्या तर कळवा.
- रक्त पातळ करणारी औषधे: वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो.
- मधुमेहाच्या काही गोळ्या: साखर एकदम उतरू शकते. सुरुवातीचे काही आठवडे घरी साखर तपासत राहा.
- फिट येण्याची औषधे: फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांच्यामुळे बुरशीची गोळी निकामी ठरू शकते.
- दम्याचे पंप: बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन असलेला पंप चालू असेल तर सांगा. त्यातील स्टिरॉइड शरीरात साठून चेहरा सुजणे, साखर वाढणे असे होऊ शकते. पंप स्वतःहून बंद करू नका.

खोकल्यासाठी मेडिकलमधून स्वतःहून स्टिरॉइडच्या गोळ्या आणू नका. आधीपासून स्टिरॉइड चालू असेल तर एकदम थांबवूही नका. दोन्ही धोकादायक आहे.

दुष्परिणाम ओळखा

डोळे किंवा लघवी पिवळी होणे, सतत मळमळ, भूक पूर्ण जाणे ही लिव्हरवर ताण आल्याची लक्षणे असू शकतात. म्हणून लिव्हरची रक्त तपासणी सुरुवातीच्या आठवड्यांत आणि नंतर ठरावीक काळाने करतात. इट्राकोनाझोलने पायांवर सूज, धाप किंवा बीपी वाढले तर लगेच कळवा, विशेषतः हृदयाचा आजार असेल तर.

व्होरिकोनाझोल घेतल्यावर काही वेळ अंधुक दिसते, उजेड जास्त वाटतो, रंग वेगळे दिसतात. हे बहुधा आपोआप कमी होते, पण तोवर गाडी चालवू नये. क्वचित पेशंटला भास होतात. आजोबा नसलेल्या माणसांशी बोलू लागले तर ते बाहेरचे काही नाही, औषधाचा परिणाम असू शकतो. डॉक्टरांना फोन करा. या गोळीने त्वचा उन्हात लवकर भाजते, म्हणून टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि सनस्क्रीन वापरा.

काही रुग्णालयांत औषधाचे रक्तातील प्रमाण मोजतात. शक्य असेल तर ही तपासणी जरूर करून घ्या. डोस कमी पडतो आहे की जास्त होतो आहे, ते त्यातून कळते.

खोकल्यातून रक्त पडले तर

या आजारात घरच्यांनी सर्वांत जास्त तयारी ठेवावी ती याची.

- बेडक्यात रक्ताची रेषा किंवा ठिपके दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.
- निव्वळ रक्त येत असेल, चमचा-दोन चमचे का होईना आणि पुन्हा पुन्हा, तर रुग्णालयात जा. कपभर होण्याची वाट पाहू नका.
- जास्त रक्त, धाप, घाम, चक्कर असेल तर १०८ ला फोन करा.

रुग्णवाहिका येईपर्यंत पेशंटला उताणे झोपवू नका. बसवून पुढे झुकवा आणि रक्त थुंकू द्या, गिळायला सांगू नका. बसवत नसेल आणि कोणत्या बाजूच्या फुफ्फुसात आजार आहे हे माहीत असेल, तर त्याच बाजूवर कुशीवर झोपवा. म्हणजे चांगल्या फुफ्फुसात रक्त उतरत नाही. ती बाजू फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. खायला-प्यायला देऊ नका.

रुग्णालयात रक्त थांबवण्याची औषधे देतात. गरज पडल्यास मांडीतील किंवा हातातील रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून रक्तस्राव होणारी वाहिनी बंद करतात. याला एम्बोलायझेशन म्हणतात. काकांचे तेच केले. बुरशीचा एकच गोळा असेल आणि उरलेले फुफ्फुस चांगले असेल, तर शस्त्रक्रियेने तो काढता येतो. प्रत्येकाला ते शक्य नसते.

घर, शेत आणि धूळ

बुरशीचे कण पूर्ण टाळता येत नाहीत, पण एकाच वेळी भरपूर कण छातीत जाणे टाळता येते. पेशंटने पुढील कामे करू नयेत: मळणी, कडबा रचणे, उकिरडा उपसणे, शेणखत पसरणे, धान्य पाखडणे, माळा झाडणे, जुना कूलर धुणे, भिंत खरवडणे. घरात दुसरे कोणी करणारे नसेल तर एन-९५ मास्क लावूनच करावे. रुमाल बांधून हे बारीक कण अडत नाहीत.

पेशंटची खोली हवेशीर असावी. भिंतीला ओल असेल तर नुसता रंग मारून भागत नाही, पाणी कुठून मुरते ते शोधा. चुलीचा धूर, उदबत्ती-धूप आणि विडी-सिगारेट पेशंटपासून दूर ठेवा. पेशंटने स्वतः तंबाखूचा धूर पूर्ण सोडावा.

ताकद कशी भरून येईल?

या आजारात वजन खूप उतरते. दर जेवणात प्रथिने हवीत: डाळ, उसळ, अंडी, दूध, दही, पनीर, शेंगदाणे, चालत असेल तर मासे किंवा चिकन. एकदम खाल्ले जात नसेल तर दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्या. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे.

चालणे घरातल्या घरात ५ मिनिटांपासून सुरू करा आणि आठवड्याला थोडे वाढवा. चालताना दोन शब्द बोलता येतील इतकाच वेग ठेवा. शक्य असेल तर फिजिओथेरपिस्टकडून कफ मोकळा करण्याची पद्धत शिकून घ्या. मात्र अलीकडे रक्त पडले असेल तर छाती थोपटण्याआधी डॉक्टरांना विचारा. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसींबद्दलही विचारा.

सुधारणा कशी ओळखायची?

एक वही करा. आठवड्यातून एकदा वजन, खोकला कमी की जास्त, रक्त दिसले का, ताप, किती चालता आले, गोळी चुकली का, एवढेच लिहा. काकांच्या पत्नीने अशी वही ठेवली होती. दुसऱ्या वेळी औषध सुरू झाल्यावर रोजची गोळी झाली की त्या फुलीची खूण करत. फेरतपासणीला ती वही मला एक्स-रेइतकीच उपयोगी पडली.

सीटी किंवा एक्स-रेमधील डाग आणि पोकळी बऱ्याचदा कायम राहतात. रिपोर्टवर ‘जुने व्रण’ असे वाचून घाबरू नका. रक्तातील आयजीजीही हळूहळू उतरते. वजन वाढणे, खोकला कमी होणे, रक्त न पडणे हे खरे मोजमाप. उपचार संपल्यावरही साधारण दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणी करत राहा, कारण आजार उलटू शकतो.

घरच्यांसाठी दोन शब्द

‘पूर्वीसारखे होतील ना?’ हा प्रश्न प्रत्येक घर विचारते. प्रामाणिक उत्तर असे: अनेक पेशंट चांगले सावरतात, पण खराब झालेले फुफ्फुस नवे होत नाही. काकांचे वजन आता सहा किलोंनी वाढले आहे. ते बांधावर फिरतात, मुलाला सल्ले देतात. जिना चढताना मात्र मध्ये थांबतात. पत्नीने त्या वळणावर एक स्टूल ठेवले आहे.

पेशंट चिडचिड करेल, गोळ्या नको म्हणेल. भांडण्याआधी विचारा, गोळीने काय त्रास होतो? बऱ्याचदा मळमळ किंवा खर्चाची लाज हे कारण निघते आणि दोन्हींवर उपाय असतो. गोळ्या देणे, रात्री जागणे, दवाखान्याच्या फेऱ्या हे सगळे एकाच माणसावर टाकू नका. वही एकाने सांभाळावी, औषधे दुसऱ्याने आणावीत. सांभाळणारी व्यक्तीच आजारी पडली, तर गोळ्यांची साखळी तुटते.

आजच एवढे करा: डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची यादी, आजाराची बाजू आणि डॉक्टरांचा फोन नंबर एका फाइलमध्ये लावा आणि ती घरातील सगळ्यांना माहीत असेल अशा जागी ठेवा. रात्री एक वाजता शोधाशोध करायला वेळ नसतो.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधाचा डोस सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.*